विमानाच्या पंखावरील बर्फ : संकट आणि सुटका

आकाशातून जाणाऱ्या विमानाला वादळाचे किंवा यंत्र बंद पडण्याचे भय असते, एवढी कल्पना कोणालाही करता येते. परंतु वादळ नाही, यंत्रही सुस्थितीत आहे आणि विमान साध्या करड्या ढगातून चालले आहे, अशा वेळी केवळ पंखावर साचलेल्या बर्फामुळे ते काही मिनिटांत कोसळू शकते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी परिचित नाही. ते स्वाभाविकही आहे. आपल्या प्रदेशात बर्फाची ओळख होते ती सरबताच्या पेल्यात किंवा मासळी बाजारातील लादीच्या रूपाने. उत्तर अमेरिका व युरोप या थंड प्रदेशांत मात्र लहान विमाने चालविणाऱ्यांच्या शिक्षणात या विषयाला फार महत्त्वाचे स्थान आहे.

हा विषय दोन कारणांसाठी समजून घेण्यासारखा आहे. शाळेत शिकविल्या जाणाऱ्या पाण्याच्या अवस्थांचा एक अनपेक्षित पैलू त्यातून उलगडतो, हे पहिले कारण. दुसरे असे की, संकट वाढत असताना मनुष्य निर्णय का लांबणीवर टाकतो आणि त्याची किंमत काय पडते, याचा तो एक स्पष्ट धडा आहे.

शून्याखालचे पाणी

पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते, असे आपण पाठ केलेले असते. हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. पाण्याचे बर्फात रूपांतर होण्यासाठी केवळ थंडी पुरत नाही. बर्फाचा पहिला स्फटिक ज्याच्या आधाराने तयार होईल असा एखादा कणही लागतो. खडीसाखर करताना दाट पाकात दोरा सोडतात आणि त्या दोऱ्याभोवती खडे धरू लागतात. तसाच आधार पाण्याच्या थेंबालाही हवा असतो. ढगातील सूक्ष्म थेंबांना असा योग्य कण मिळाला नाही, तर ते शून्याच्या खाली जाऊनही पाणीच राहतात. उणे १० किंवा उणे १५ अंशांच्या ढगांत असे थेंब विपुल आढळतात. अत्यंत शुद्ध असे सूक्ष्म थेंब तर उणे ३८ ते उणे ४० अंशांच्या आसपासच आपोआप गोठतात. अशा पाण्यास अतिशीत पाणी म्हणतात.

अतिशीत थेंबाची अवस्था अस्थिर असते. त्याला धक्का लागला किंवा घन पृष्ठभागाचा स्पर्श झाला की तो तत्काळ गोठू लागतो. ढगातून वेगाने जाणाऱ्या विमानाचा पंख हा नेमका असा पृष्ठभाग होय. थेंब पंखाच्या पुढील कडेवर आदळतात आणि तेथेच बर्फ होऊन चिकटतात. विमानावर वरून बर्फ पडतो असे नव्हे. बर्फ विमानावरच तयार होतो. शून्य ते उणे २० अंश या तापमानाच्या ढगांत हा धोका विशेष असतो. त्याहून फार थंड ढगांत बहुतेक पाणी अगोदरच स्फटिकरूप झालेले असते आणि कोरडे स्फटिक पंखावर आदळून बहुधा उडून जातात.

पंखाचे काय बिघडते?

बर्फाच्या वजनाने विमान खाली येते, असा सर्वसाधारण समज आहे. वजन वाढते हे खरे, परंतु तो मुख्य धोका नव्हे. पंखाचा आकार हेच विमानाचे खरे बळ असते. पंखाच्या गुळगुळीत वक्र पृष्ठभागावरून हवा सुरळीत वाहते म्हणून त्याला वर उचलणारे बल मिळते. पुढील कडेवर बर्फ साचला की तो आकार बदलतो, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि हवेचा प्रवाह पंखास सोडून विस्कळीत होऊ लागतो. सुतार लाकूड घासण्यास वापरतो त्या खरखरीत पॉलिश कागदाइतका बर्फाचा थर पंखाच्या पुढील कडेवर व वरच्या बाजूस असला, तरी उचल सुमारे ३० टक्क्यांनी घटू शकते आणि हवेचा अडथळा सुमारे ४० टक्क्यांनी वाढू शकतो, असे वातबोगद्यातील प्रयोगांत आढळले आहे.

याचे परिणाम एकापाठोपाठ एक येतात. अडथळा वाढल्याने वेग घटतो. घटलेल्या वेगात उंची टिकविण्यासाठी विमानाचे नाक अधिक वर करावे लागते. नाक वर केल्याने पंखाच्या खालच्या बाजूसही बर्फ साचू लागतो आणि अडथळा आणखी वाढतो. शेवटी एका क्षणी हवेचा प्रवाह पंखापासून सुटतो आणि उचल अकस्मात तुटते. या अवस्थेस वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. स्वच्छ पंखाचा स्टॉल कोणत्या कोनात व किती वेगास होतो हे वैमानिकाला ठाऊक असते, आणि त्याची सूचना देणारी घंटाही त्याच हिशेबाने बसविलेली असते. बर्फाळलेल्या पंखाचा स्टॉल मात्र त्याहून अधिक वेगात व कमी कोनात होतो. म्हणून पुष्कळदा घंटा वाजण्यापूर्वीच विमान एका अंगावर कलंडते.

बर्फ केवळ पंखावरच साचतो असे नाही. पंख्याच्या पात्यांवर साचून तो यंत्राची ओढ कमी करतो. समोरील काचेवर साचून दृष्टी अडवितो. वेग मोजण्यासाठी हवेचा दाब घेणारी पिटो नळी बुजली की वेगमापक खोटे आकडे दाखवू लागतो. शेपटाचा आडवा पंख मुख्य पंखाहून पातळ असतो आणि पातळ वस्तूवर बर्फ लवकर धरतो. वैमानिकाला आपल्या आसनावरून तो बहुधा दिसतही नाही.

बर्फाच्या जाती

या बर्फाच्या मुख्य दोन जाती आहेत. लहान थेंब आदळताक्षणी गोठले की त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते आणि दुधासारखा पांढरा, ठिसूळ व खरबरीत थर तयार होतो. मोठे थेंब मात्र आदळल्यावर पसरतात, मागे वाहत जातात आणि सावकाश गोठतात. त्यांचा थर काचेसारखा पारदर्शक, जड व घट्ट असतो. हा दुसरा प्रकार अधिक घातक, कारण तो लवकर दिसत नाही आणि सहज निघत नाही. पुष्कळदा दोन्ही प्रकार मिसळलेले असतात.

सर्वांत भयंकर स्थिती अतिशीत झिमझिम व अतिशीत पाऊस यांची होय. त्यांतील थेंब इतके मोठे असतात की पुढील कडेवरील संरक्षक यंत्रणेच्या मागे वाहत जाऊन ते तेथे बर्फाचा उंचवटा तयार करतात. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात रोझलॉन या गावाजवळ एटीआर-७२ जातीचे प्रवासी विमान कोसळून त्यातील सर्व ६८ माणसे मृत्यू पावली. शिकागोस उतरण्यासाठी वाट पाहत ते ढगात घिरट्या घालीत होते, आणि नेमका असा उंचवटा पंखावर तयार होऊन विमान अकस्मात कलंडले. या अपघातानंतर मोठ्या अतिशीत थेंबांचा अभ्यास नव्याने सुरू झाला आणि त्या जातीच्या विमानांवरील संरक्षक पट्टे अधिक रुंद करण्यात आले.

यंत्रणा आहे, पण तिला मर्यादा आहे

बर्फाशी झुंजण्यासाठी विमानांत निरनिराळ्या सोयी असतात. मोठ्या जेट विमानांत यंत्रातील तप्त हवा पंखाच्या कडेतून खेळवून ती कड गरम ठेवतात. लहान विमानांत बहुधा पुढील कडेवर रबरी पट्टे बसविलेले असतात. वैमानिक त्यांना ‘बूट’ म्हणतात. ठरावीक अंतराने त्यांत हवा भरली की ते फुगतात व वरचा बर्फ फुटून उडतो. काही विमानांत पंखाच्या कडेवरील असंख्य सूक्ष्म छिद्रांतून ग्लायकॉलयुक्त द्रव पाझरत ठेवतात. पंख्याची पाती व पिटो नळी विजेने तापविण्याची व्यवस्था असते.

रबरी पट्ट्यांविषयी पूर्वी असे शिकवीत की, थर पुरेसा जाड झाल्याखेरीज ते फुगवू नयेत. अन्यथा पट्ट्यावर बर्फाची कमान होईल आणि पट्टा आतल्या आत निरर्थक फुगत राहील. ही भीती आधुनिक पट्ट्यांच्या बाबतीत निराधार असल्याचे आढळून आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००८ साली वैमानिकांना सावधगिरीची सूचना दिली की, विमानाच्या पुस्तिकेत वेगळे सांगितलेले नसेल तर बर्फाच्या परिस्थितीत शिरताच पट्टे सुरू करावेत.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. बहुसंख्य लहान विमानांना बर्फाच्या परिस्थितीत उडण्याची परवानगीच नसते. ज्या थोड्या विमानांना ती असते, त्यांनाही ती ठरावीक मर्यादेपुरती असते. बर्फ साचण्याची तीव्रता अत्यल्प, सौम्य, मध्यम व तीव्र अशा पायऱ्यांनी सांगतात. यांपैकी ‘तीव्र’ या शब्दाचा अर्थ असा की, विमानातील यंत्रणा बर्फ काढण्यास असमर्थ ठरली आहे आणि तेथून तत्काळ बाहेर पडणे अवश्य झाले आहे. ही यंत्रणा ढगात मुक्काम करण्यासाठी दिलेली नसते. ती बाहेर पडण्यापुरती सवड मिळवून देते.

न्यू जर्सीतील पंधरा मिनिटे

२० डिसेंबर २०११ रोजी सकाळी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील टेटरबरो विमानतळावरून टीबीएम-७०० जातीचे एक छोटे खाजगी विमान अटलांटाकडे निघाले. एका टर्बोप्रॉप यंत्राचे हे विमान वेगवान व चांगल्या क्षमतेचे होते. बर्फाच्या परिस्थितीत उडण्यास ते मान्यताप्राप्त होते आणि त्याच्या पंखांवर रबरी पट्टे होते. विमानात पाच माणसे होती.

विमान ढगातून वर चढत असता नियंत्रकाने वैमानिकाला कळविले की, १५,००० ते १७,००० फुटांच्या दरम्यान मध्यम प्रमाणात बर्फ साचत असल्याचे इतर वैमानिक सांगत आहेत. या पट्ट्यातून सरळ वर निघून जाता आले तर आपणास अडचण नाही, अशा आशयाचे उत्तर वैमानिकाने दिले. सुमारे १७,००० फुटांवर पोहोचल्यावर त्याने बर्फ साचत असल्याचे सांगून अधिक उंचीची मागणी केली. दुसऱ्या विभागाशी बोलणे करून नियंत्रकाने थोड्याच वेळात ती मंजूरही केली. परंतु विमान १८,००० फुटांच्या जवळ जाऊन तेथून पुढे चढू शकले नाही. ते कलंडले, वेगाने खाली येऊ लागले, हवेतच त्याचे तुकडे झाले आणि अवशेष मॉरिसटाउनजवळच्या महामार्गावर व आसपास पडले. पाचही जण मृत्यू पावले. उड्डाण करून जेमतेम पंधरा मिनिटे झाली होती.

चौकशी करणाऱ्या सुरक्षा मंडळाने दोन गोष्टी कारण म्हणून नोंदविल्या. पहिली, हवामानाच्या अंदाजात नसलेला व अत्यंत वेगाने साचणारा तीव्र बर्फ. दुसरी, वैमानिकाने आपला अधिकार वापरून त्या स्थितीतून त्वरेने बाहेर न पडणे.

हा दुसरा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. विमानाचा अंतिम अधिकार वैमानिकाकडे असतो. अमेरिकेच्या विमान नियमांप्रमाणे तातडीच्या संकटात त्याला आवश्यक तेवढ्यापुरता कोणताही नियम बाजूस ठेवण्याची मुभा आहे. आपण संकटात आहोत असे एक वाक्य उच्चारले की नियंत्रक इतर विमाने बाजूस सारून त्याला वाट करून देतो. तरीही अनेक वैमानिक ते वाक्य उच्चारीत नाहीत. आणखी थोडे वर गेलो की ढग संपेल, असे त्यांना वाटत असते. विनंती केली आहे तर उत्तराची वाट पाहणे त्यांना शिस्तीचे वाटते. मागे फिरणे अनेकांना कमीपणाचे वाटते. बर्फ मात्र कोणाच्याही संकोचासाठी थांबत नाही.

तीव्र बर्फात सापडल्यास

लहान विमानांच्या वैमानिकांना या प्रसंगासाठी जे शिकविले जाते त्याचे सार पुढीलप्रमाणे सांगता येईल.

पहिली गोष्ट म्हणजे त्वरित बाहेर पडणे. त्यासाठी तीन वाटा असतात : मागे फिरणे, खाली उतरणे व वर चढणे. ज्या दिशेने आलो तेथे काही मिनिटांपूर्वी बर्फ नव्हता, हे निश्चित ठाऊक असते. म्हणून मागे फिरणे हा पुष्कळदा सर्वांत भरवशाचा मार्ग ठरतो. खालची हवा शून्याच्या वर असेल आणि डोंगर आड येत नसतील, तर खाली उतरावे. वर चढण्याचा विचार केवळ आरंभी, पंखांत पुरेसे बळ शिल्लक असताना आणि ढगाचा माथा जवळ असल्याचे ठाऊक असतानाच करावा. अतिशीत पाऊस पडत असेल तर त्याच्या वर कोठेतरी शून्याहून उबदार हवेचा थर असतो, कारण त्या थरातूनच ते पाणी खाली आलेले असते. परंतु तेथवर चढण्याची क्षमता विमानात उरली आहे काय, हा प्रश्न अगोदर विचारावा लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे स्पष्ट बोलणे. नियंत्रकाला बर्फाची तीव्रता व आपला इरादा नेमक्या शब्दांत कळवावा आणि परवानगीस विलंब होत असेल तर संकट जाहीर करावे. अशी वार्ता मागून येणाऱ्या इतर विमानांनाही उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट वेगाची. पुस्तिकेत बर्फाच्या परिस्थितीसाठी जो किमान वेग दिलेला असतो त्याच्या खाली जाऊ नये, मग उंची सोडावी लागली तरी चालेल. वळणे सौम्य घ्यावीत. विमान आपोआप सरळ ठेवणारा ऑटोपायलट बंद करून सुकाणू हाती घ्यावे. ऑटोपायलट बिघडत चाललेला तोल मुकाट्याने सावरीत राहतो, आणि त्याची शक्ती संपली की बिघडलेले विमान एकदम वैमानिकाच्या हाती येते. सुकाणू हातात असेल तर त्याचा बदलता जडपणा अगोदरच जाणवतो.

चौथी गोष्ट उतरण्याची. पंखाच्या मागील कडेच्या झडपा, ज्यांना फ्लॅप म्हणतात, त्या एरवी उतरताना पूर्ण उघडतात. शेपटावर बर्फ असेल तर त्या उघडताच शेपटाची पकड सुटून विमानाचे नाक अकस्मात खाली जाऊ शकते. ‘नासा’ या संस्थेने क्लीव्हलंड येथील केंद्रातून १९९० च्या दशकात ट्विन ऑटर जातीच्या विमानाच्या साह्याने या संकटाचा तपशीलवार अभ्यास केला. म्हणून बर्फासह उतरताना पुस्तिकेप्रमाणे फ्लॅप कमी ठेवतात, वेग नेहमीपेक्षा अधिक राखतात आणि त्यासाठी लांब धावपट्टीचा विमानतळ निवडतात. चाके जमिनीस टेकेपर्यंत यंत्राची शक्ती एकदम कमी करीत नाहीत.

आपल्या आकाशात

महाराष्ट्र, गोवा व लगतच्या प्रदेशांवर पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी साधारणपणे ५ किलोमीटरच्या वर असते. लहान विमाने बहुधा त्याच्या पुष्कळ खालून उडतात, म्हणून पंखावरील बर्फाचा प्रसंग आपल्याकडे विरळा. तथापि अतिशीत पाणी आपल्या आकाशात नाही असे मात्र समजू नये. उन्हाळ्याच्या तोंडी उंच वाढणाऱ्या ढगांत ते मुबलक असते. त्याचा पुरावा आपल्या शेतकऱ्यांनी वेळोवेळी भोगला आहे. गार ही ढगातील अतिशीत थेंब आपल्या अंगावर गोठवीत गोठवीत वाढत जाते. २०१४ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत मराठवाडा, विदर्भ व उत्तर महाराष्ट्र येथे ज्या गारपिटीने उभी पिके झोडपली, तिच्या मागेही हेच पाणी होते. पंखावरील बर्फ आणि शेतातील गार एकाच कुळातील आहेत.

याच पाण्याचा उपयोग करून घेण्याचेही प्रयत्न झाले आहेत. उंच ढगांत सिल्व्हर आयोडाइडचे सूक्ष्म कण सोडले तर अतिशीत थेंबांना गोठण्यासाठी आधार मिळतो, हे कृत्रिम पावसाच्या एका पद्धतीचे तत्त्व आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २००९ साली ढगांच्या अभ्यासाचा जो प्रकल्प सुरू केला, त्यात उपकरणे बसविलेली विमाने प्रत्यक्ष ढगांत नेऊन थेंबांची मोजमापे घेण्यात आली. पुढे सोलापूर परिसरातही या प्रकल्पाचे प्रयोग झाले.

आणखी एक गोष्ट उष्ण प्रदेशांतही खरी आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या लहान विमानांच्या कार्ब्युरेटरमध्ये इंधनाची वाफ होताना व हवा प्रसरण पावताना तापमान एकदम उतरते. बाहेरील हवा २० अंशांच्या घरात असली तरी ती दमट असल्यास आत बर्फ धरून यंत्र गुदमरू शकते. म्हणून अशा विमानांत कार्ब्युरेटरला गरम हवा देण्याची कळ असते, आणि समुद्रकिनाऱ्यावर शिकणाऱ्या वैमानिकालाही तिचा उपयोग शिकावा लागतो.

शिक्षकांनी वर्गात पाण्याच्या अवस्था शिकविताना अतिशीत पाण्याचा उल्लेख अवश्य करावा. शुद्ध पाण्याची बंद प्लॅस्टिकची बाटली शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात हलविल्याविना ठेवून, गोठण्यापूर्वी अलगद बाहेर काढली आणि टेबलावर ठोकली, तर काही वेळा आतले पाणी डोळ्यांदेखत बर्फ होत जाते. प्रयोग प्रत्येक वेळी साधेल असे नाही, परंतु साधला तर विद्यार्थी तो विसरणार नाहीत.

पंखावरील बर्फ येतो तेव्हा त्याचा गाजावाजा नसतो. तो थराथराने वाढतो, आणि प्रत्येक थर आधीच्या थराहून किंचितच अधिक असतो. पुराचे पाणी फरशी पुलावरून वाहू लागलेले असताना, मागच्या वेळी गाडी निघाली होती म्हणून याही वेळी निघेल असे म्हणणारा चालक आणि आणखी हजार फूट चढलो की सुटलो असे म्हणणारा वैमानिक, यांची चूक एकाच जातीची आहे. दोघांनाही परतीची वाट आरंभी मोकळी असते. ती किती वेळ मोकळी राहील हे मात्र त्यांच्या हाती नसते. म्हणून परतायचे असेल तर ते पहिल्या थरालाच परतले पाहिजे.